पाइपगॅसच्या घरात सिलिंडरचे जेट

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: नवी चार बर्नरची कुकिंग रेंज. तक्रार तीनदा नोंदवली, तीनदा मला न विचारता बंद झाली.

आत्ताच तुमच्या माणसाशी 26 मिनिटं बोलून फोन ठेवलाय, त्यामुळे नमस्कार-चमत्कार राहू द्या.

आमच्याकडे पाइपगॅस आहे. ऑर्डर देताना तोंडी सांगितलं होतं, फॉर्मवरही त्याच चौकटीत खूण आहे. रेंज आली ती सिलिंडरचे जेट लावून. कुठला जेट कशासाठी, हे मी तुम्हाला शिकवायला नको. तुमच्याच पुस्तिकेत पान 14 वर तक्ता आहे: मोठ्या बर्नरला गॅस सोडणाऱ्या जेटचं भोक सिलिंडरसाठी 85, म्हणजे 0.85 मिलिमीटर, पाइपगॅससाठी 115. मी टोपी आणि कडं काढून टॉर्चच्या उजेडात आत पाहिलं. पितळेवर स्वच्छ 85 कोरलेलं आहे. बाकीचे तीनही सिलिंडरचेच. पाइपमधल्या गॅसचा दाब आधीच कमी, त्यात वाट एवढीशी; ज्योत करंगळीच्या नखाएवढी येते. दोन लिटर पाणी उकळायला 28 मिनिटं लागली, घड्याळ लावून मोजली. जुन्या रेंजवर नऊ लागायची. ओव्हनचं तेच. 200 वर लावून पाऊण तासाने पाहिलं तर आतल्या थर्मामीटरवर 130.

बसवायला आलेल्या मुलाने साबणाचं पाणी लावून गळती नीट तपासली, रेंज पाण्याच्या पातळीत आणली. त्याच्याबद्दल तक्रार नाही. जेटचं विचारलं तर म्हणाला, "ते किट आमच्याकडे देत नाहीत, कंपनीला फोन करा. ओटीपी सांगा." मी सांगितला. ओटीपी दिला की तुमच्याकडे 'ग्राहक समाधानी' अशी नोंद होते, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

आता आजचा फोन. हा सविस्तर लिहिते, कारण तुमच्याकडे तो एका ओळीत लिहिला जाईल.

"मॅडम, नॉब दाबून दहा सेकंद धरा. सेन्सर तापला की ज्योत टिकेल."

"ज्योत टिकतेय. विझत नाहीये. लहान आहे."

"मग नॉब दाबून धरा."

"अहो, विझत नाहीये."

"नॉब जास्त फिरवला की सिम होतो, मॅडम. तुम्ही सिमवर ठेवला असेल."

इथे मी काही बोलले नाही. 23 वर्षं रेंज वापरलेल्या बाईला ज्योत मोठी-लहान कशी करतात हे कळल्यावर दोन क्षण शांत बसावंसंच वाटतं. त्या शांततेचा त्याने काय अर्थ लावला कोण जाणे, एकदम समजुतीच्या सुरात म्हणाला, "घरात कोणी जेन्ट्स आहेत का? त्यांना दिलात फोन तर लवकर समजेल. टेक्निकल असतं ना."

मी त्याला पान 14 वाचून दाखवलं, आकड्यांसकट. तो म्हणाला, "पुस्तिका जनरल असते, मॅडम." मग 11 मिनिटं संगीत, आणि संगीत संपेपर्यंत मोबाइलवर मेसेज: आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.

घरातल्या पुरुषाला पाहून 0.85 मिलिमीटरचं भोक 1.15 चं होत असेल, तर तसं पुस्तिकेत छापा. पान 15 कोरंच आहे.

त्याआधीच्या फोनवर तुमच्या दुसऱ्या माणसाने सुचवलं होतं की बाहेरून कुणाकडून तरी जेटला बारीक ड्रिल मारून घ्या. गॅसच्या जेटला! तुम्ही प्रत्येक फोन 'गुणवत्तेसाठी' रेकॉर्ड करता ना? तो काढून ऐका. मी ग्राहक न्यायालयात गेले तर तोच आधी मागणार आहे.

पुन्हा लिहिते, पाइपगॅस आहे हे ऑर्डरच्या दिवशीच सांगितलं होतं.

वाईट याचं वाटतं की जुनी रेंजही तुमचीच होती. नॉबवरचे आकडे पार पुसले गेले होते, ओव्हनच्या दाराची स्प्रिंग सैल पडली म्हणून पुठ्ठ्याची घडी खोचावी लागायची, पण चारही बर्नर शेवटच्या दिवसापर्यंत निळेशार पेटत होते. म्हणून दुसऱ्या कंपनीच्या रेंज पाहिल्यासुद्धा नाहीत. 'जुनी द्या, नवी घ्या' म्हणून तुमची माणसं ती त्याच दिवशी उचलून घेऊन गेली. ते काम मात्र तुमचं अगदी वेळेवर झालं.

मला नवीन रेंज बदलून नको, सवलत नको, कूपन तर नकोच. पाइपगॅसचे चार जेट आणि ओव्हनचा एक, ते बसवून मंद आचेचे स्क्रू जुळवता येणारा माणूस, आणि काम झाल्यावर, म्हणजे झाल्यावरच, ओटीपी. सात दिवसांत हे झालं नाही तर रेंज परत न्या आणि पूर्ण पैसे द्या.

येणाऱ्याने माझ्याशीच बोलावं.

ता. क. जुन्या ओव्हनमध्ये माझा मोठा ट्रे राहिला आहे. एका कोपऱ्याला किंचित वाकलेला. गोदामात असेल तर तेवढा पाठवा.