गेम खेळू द्या, पण जोडाजोडीचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या हातातला मोबाइल काढून घ्यावा की नाही, यावर आपल्या पानात बरंच लिहून येतं. त्यात सगळे गेम एकाच माळेचे मणी धरले जातात. उलट एखाद्या गेमवर ‘एज्युकेशनल’ असा शिक्का दिसला की पालक निर्धास्त. पॉलिटेक्निकमध्ये डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेल्या मला दोन्ही गोष्टी खटकतात.

शैक्षणिक म्हणून खपणारे बरेचसे गेम म्हणजे रंगीत घटक चाचणीच असते. चार पर्यायांतला एक दाबा, बरोबर आला की टाळ्या. पण १९८२ साली अमेरिकेतल्या ‘द लर्निंग कंपनी’ने ॲपल-टू संगणकासाठी काढलेला ‘रॉकीज बूट्स’ पाहा. वॉरन रॉबिनेट आणि लेस्ली ग्रिम यांचा हा गेम. पडद्यावर एक बूट असतो आणि त्याच्यासमोरून निरनिराळ्या रंगांचे, आकारांचे ठोकळे जात असतात. सांगितलेल्यांनाच बुटाने लाथ मारायची, बाकीचे जाऊ द्यायचे. त्यासाठी ‘अँड’ (दोन्ही असतील तरच हो), ‘ऑर’ (एक असलं तरी हो), ‘नॉट’ (उलट) ही गेट्स, म्हणजे हो-नाही ठरवणारे सर्किटचे छोटे भाग, एकमेकांना जोडून सर्किट मुलानेच करायचं. प्रवाह आला की तो भाग नारिंगी होतो. जोडणी चुकली तर बूट भलत्याच ठोकळ्याला लाथ मारतो, आणि नारिंगी रंग नको तिथे कुठून शिरला हे मुलाला मागे मागे जात शोधता येतं. ‘चूक’ असं कोणी ओरडत नाही, की उत्तरही सांगत नाही. दोन वर्षांनी त्याच कंपनीचा ‘रोबॉट ओडिसी’ आला. त्यात रोबोटच्या पोटात शिरून वायरिंग करायचं. तो मोठ्यांनाही घाम फोडतो.

हे गेम जुने झाले म्हणावं, तर ‘नँडगेम’ आज ब्राउझरमध्ये फुकट खेळता येतो. रिले, म्हणजे विजेने चालणारे स्विच, जोडून एक नँड (‘अँड’च्या उलट) गेट बनवायचं, नँडपासून बाकीची गेट्स, मग बेरीज करणारं सर्किट, असं करत शेवटी अख्खा प्रोसेसर. सूचना इंग्रजीत आहेत, पण शेजारी बसून कोणी मराठीत समजावलं तर आठवीतल्या मुलांना पहिल्या पायऱ्या जमाव्यात.

आपल्या बोर्डाच्या मुलांना हीच गेट्स बारावीच्या भौतिकशास्त्रात भेटतात, तीही मुख्यतः ट्रुथ टेबल, म्हणजे काय दिलं की काय उत्तर येतं याचा तक्ता, बनून. माझे डिप्लोमाचे विद्यार्थी टेबलं घडाघडा म्हणायचे. मात्र जिन्यातला दिवा खाली लावून वर गेल्यावर बंद कसा करता येतो, असं विचारलं की वर्ग गप्प. टू-वे स्विचची ती जोडणी म्हणजे ‘एक्स-ऑर’ (दोन्हींपैकी एकच असेल तर हो) गेटच आहे, आणि त्यातले निम्मे तरी रोज तो दिवा लावत असणार! २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंगची गोष्ट आली, तेव्हापासून पुण्यात क्लासच्या पाट्यांना तोटा नाही. भरमसाट फी घेऊन सर्टिफिकेट मिळतं. त्यातल्या किती मुलांनी स्वतःच्या सर्किटमधली चूक स्वतः शोधली असेल, याची मला शंका आहे.

गेमला मर्यादा आहेतच. पडद्यावरची तार कधी सैल होत नाही. ही गेट्स ज्यात असतात त्या ७४ मालिकेतल्या साध्या आयसीला (चिपला) पाच व्होल्ट लागतात. त्याला नऊ व्होल्टची बॅटरी थेट लावली तर तो उडू शकतो, हे गेममध्ये कळायचं नाही. म्हणून पडद्यावर जमलेलं सर्किट लगेच ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता सुटे भाग खोचायच्या भोकांच्या पाटीवर, करून बघावं. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आयसी, एलईडी, ब्रेडबोर्ड सगळं मिळतं आणि पाच व्होल्टसाठी जुना मोबाइल चार्जर चालतो. मुलांना एकदा त्या गल्लीत न्याच. सुटे भाग बघत दुकानांपुढे रेंगाळण्यातही मजा असते.

ज्या महापालिका आणि अनुदानित शाळांत संगणक कक्ष आहेत, त्यांनी आठवड्यातून एक दुपार हे गेम खेळायला ते उघडे ठेवावेत, एवढीच विनंती. त्याला गुण देऊ नयेत, स्पर्धा घेऊ नये. गुण आले की पालक उत्तरांच्या चिठ्ठ्या करून देतील. कोथरूड परिसरातल्या एखाद्या शाळेने मनावर घेतलं, तर मुलांसोबत बसायला मी विनामूल्य येईन. ब्रेडबोर्ड आणि चार्जर मीच आणीन. शाळेने फक्त कक्षाची किल्ली कोणाकडे असते ते आधी सांगावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड, पुणे