पुळणीवर एक वाट ठेवूया, बाकीच्या बंद करूया : ग्रामस्थांचं आवाहन

सर्व वाड्यांतील ग्रामस्थ, मुंबई-पुण्याची मंडळं आणि दरवर्षी आपल्याकडे येणारे पाहुणे यांना सप्रेम नमस्कार.

गौरी-गणपतीच्या दिवसांत देवळाच्या सभामंडपात जी बैठक झाली तिला तुमच्यापैकी बरेच जण हजर होते. जे नव्हते त्यांच्यापर्यंत बैठकीतलं भांडण तेवढं पोचलं, ठरलं काय ते पोचलं नाही. कुणी म्हणतं आपली किनारा समिती समुद्रच बंद करायला निघाली आहे, कुणी म्हणतं यामागे वनखात्याचा जमिनी घ्यायचा डाव आहे. दोन्ही खोटं. म्हणून समितीच्या वतीने मी हे पत्र लिहितो आहे, जरा लांबच झालं आहे. शेवटी पैसे मागितले आहेत, तेही आधीच सांगून ठेवतो.

ठरलं ते असं. कोळीवाड्यासमोरून होड्या ओढायची जी जुनी वाट आहे ती चाकांसाठी उघडी राहील. होडी ओढणारा ट्रॅक्टर, मासळीचा टेम्पो, बैलगाडी यांना आजवर कुणी अडवलं नाही, पुढेही अडवणार नाही. पण सुरुबनात गेल्या काही वर्षांत ज्या तीन फटी पडल्या आहेत, जिथून फोर-बाय-फोर, मोटारसायकली आणि भाड्याच्या बीच बाईक थेट पुळणीच्या उंचवट्यावर चढतात, त्या तीन फटी बंद करायच्या. माणसांना नाही, गुरांना नाही, फक्त गाड्यांना.

एवढ्यासाठी इतका वाद का, असं मुंबईहून विचारणाऱ्यांना गेल्या शिमग्यातली एक सकाळ सांगतो.

आपल्या कासवमित्राचं काम तुम्हाला ठाऊक आहे. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्रकासवांच्या माद्या वर येतात, भरतीरेषेच्या वर वाळूत दीड फूट खड्डा करतात, शंभर-सव्वाशे अंडी घालतात, वर वाळू लोटतात आणि परत जातात. पहाटे पाचला कासवमित्र पुळणीवरून चालत जातो तो मादीचा माग शोधत. पाण्यापासून वर गेलेला आणि वरून पाण्याकडे आलेला, असा दुहेरी माग. तो जिथे वळतो तिथे घरटं. मग अंडी काढून कुंपणातल्या हॅचरीत, म्हणजे अंडी उबवायच्या जागेत ठेवायची, कुत्र्या-कोल्ह्यांपासून राखायची. सगळा कारभार त्या मागावर चालतो. आता गंमत पाहा, कासवाचा माग दिसतो लहान ट्रॅक्टरच्या चाकासारखा. रात्री पाच-सहा गाड्या पुळणीवर गोल गोल फिरून गेल्या की पहाटे बॅटरी मारून बघणाऱ्याला कळणार तरी काय, की यातली कुठली खूण चाकाची आणि कुठली कासवाची?

असंच एक घरटं सुटलं. कुणाला दिसलंच नाही. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी, नेमकं शिमग्यात, पालख्या घरोघर फिरत असताना, पिल्लं आपली आपण बाहेर आली. पिल्लू असतं केवढं, तर दीड इंच. उजेड जिकडे जास्त तिकडे जायचं एवढंच त्याला कळतं. समुद्रावरचं आभाळ रात्री जमिनीपेक्षा उजळ असतं, म्हणून ते समुद्राकडे जातं. त्या रात्री वरच्या बाजूला गाड्यांचे हेडलाइट होते. काही पिल्लं सुरुबनाकडे वळली. जी समुद्राकडे निघाली ती चाकोरीत पडली. आपल्या घोट्याएवढी खोल चाकोरी म्हणजे त्यांना विहीरच. चढता येईना म्हणून चाकोरीतूनच किनाऱ्याला समांतर चालत राहिली. मी सकाळी साडेसहाला पोचलो तेव्हा कावळ्यांचं निम्मं काम उरकलं होतं. उरलेली आम्ही घमेल्यात वेचली.

त्या रात्रीच्या गाड्यांतली एक कुणाची होती याचा शोध घ्यायला फार लांब जावं लागलं नाही. नंबर मुंबईचा होता आणि मागच्या काचेवर आपल्याच ग्रामदेवतेचं नाव होतं. नाव इथे लिहीत नाही, त्या पोराला कुणी बोलूही नये. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. पण ‘बाहेरचे पर्यटक घाण करतात’ हे पालुपद आता जरा बाजूला ठेवूया.

बरं, ज्यांना कासवांचं सोयरसुतक नाही त्यांनी मर्यादावेलीकडे बघावं. पुळणीवर जांभळी फुलं येणारी, आपट्यासारख्या जुळ्या पानांची ती वेल. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण नेमकं ठेवलं. वारा समुद्राकडून कोरडी वाळू उडवत आणतो, वेल ती धरते, वाळू साठली की वेल तिच्यावर चढते, पुन्हा वाळू धरते. आपला उंचवटा असा वेलीने बांधलेला आहे, कुठल्या ठेकेदाराने नाही. पायाने माणूस गेला तर वेल सोसते. दीड-दोन टनांची गाडी त्याच जागेवरून चार वेळा गेली की खोड तुटतं, मुळं उघडी पडतात, आणि मग वारा तीच वाळू उचलून नेऊ लागतो. आधी वाटीएवढा खड्डा, पुढच्या उन्हाळ्यात घंगाळाएवढा, आणि एका पावसाळ्यात तिथून खिंड. मधल्या फटीचं आज हेच झालंय. 2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळाने आपल्या नारळी-पोफळी आडव्या केल्या, ते वाऱ्याचं काम होतं. पण 2021 च्या मे महिन्यात तौक्ते नुसतं बाजूने गेलं तेव्हा उधाणाचं पाणी कुठून आत शिरलं ते आठवा. उंचवटा जिथे धड होता तिथून नाही, मधल्या फटीतून. खालच्या वाडीतल्या विहिरींचं पाणी त्यानंतर किती दिवस मचूळ लागत होतं ते तिथल्या बायकांना विचारा.

कायदा आपल्या बाजूने आहे, पण मी त्याचा धाक घालणार नाही, कारण धाकाने झालं असतं तर एव्हाना झालं असतं. माहितीसाठी सांगतो. 2019 च्या सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा सगळ्यात कडक, म्हणजे एक-अ वर्गात आहेत. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्या कायद्यात अंडी किंवा घरटं बिघडवणं हीसुद्धा शिकारच धरली आहे. अशा गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची सजा आहे. शेजारच्या गोव्यातही किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे. एवढं असून शनिवारी रात्री पुळणीवर उभं राहून हे कलम कोण कुणाला वाचून दाखवणार?

बैठकीत पुण्याच्या मंडळातल्या एका मुलाने अमेरिकेतलं सांगितलं, ते मला पटलं म्हणून इथे मांडतो. ‘तिकडे सगळं मोकळं असतं’ असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. कॅलिफोर्नियात ओशनो नावाच्या वाळूच्या टेकड्या आहेत, तिथे लोक हौसेने गाड्या उडवायला जातात. मार्च 2021 मध्ये तिथल्या किनारा आयोगाने ठरवलं की तीन वर्षांत हे बंद. गाडीवाले कोर्टात गेले, आणि 2023 मध्ये कोर्टाने आयोगाचा निर्णय रद्द केला. फ्लोरिडातल्या एका काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, तर 1995 साली समुद्रकासवाच्याच नावाने दावा लागला होता. वादी कोण, तर कासव! तिथे रात्रीच्या गाड्या बंद झाल्या. आणि अमेरिकेतल्याच केप हॅटरसच्या किनाऱ्यावर मासे पकडणारे आणि पक्षी राखणारे यांच्यात अशीच जुंपली. शेवटी 2012 पासून गाडीला परवाना सुरू झाला, आणि तेव्हाच्या नियमाने कासवांच्या हंगामात रात्री नऊ ते सकाळी सात गाडी बंद झाली. म्हणजे इतकी कोर्टं-कचेऱ्या करून ते जिथे पोचले तिथे आपण एका बैठकीत पोचलो आहोत : वाट ठेवायची, पण कुठली आणि कधी ते ठरवायचं. वकिलांचे पैसे वाचले. तेवढे समितीला द्या.

विरोध झाला तो लपवत नाही. बीच बाईक चालवणारी दोन पोरं आपलीच आहेत, कर्ज काढून गाड्या घेतल्या आहेत, हप्ते चालू आहेत. त्यांच्या पोटावर पाय द्यायचा नाही हे पहिल्यांदा कोळीवाड्यातल्या आजींनीच सांगितलं, ज्यांचं या पोरांशी रोज वाजतं. पोरांशी बोलणं झालं आहे. होडीच्या वाटेच्या दक्षिणेला, भरतीच्या पाण्याने रोज धुतली जाणारी जी कडक वाळू आहे, तेवढ्यात आणि तेवढ्यातच, सकाळी नऊ ते सूर्यास्तापर्यंत, ग्रामपंचायत आणि वनखातं हो म्हणाले तर. उंचवट्यावर अजिबात नाही. त्यांनी मान डोलावली. एकाने मनापासून, दुसऱ्याने नाइलाजाने, पण डोलावली.

घरगुती निवास चालवणाऱ्यांची भीती वेगळी : गाडी समुद्रापर्यंत गेली नाही तर पाहुणे पुढच्या गावात जातील. माझं म्हणणं उलट आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला पाहुणे काय बघायला जातात? चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या भाऊ काटदरेंनी गावकऱ्यांना हाताशी धरून 2002 पासून तिथे कासवं राखली, 2006 पासून महोत्सव सुरू झाला, आणि आज तिथे लोक घराघरांत उतरतात, जेवतात, पहाटे उठून पिल्लं सोडताना बघतात. गुहागरच्या किनाऱ्यावर 2023 साली उपग्रहाचं यंत्र लावून सोडलेली बागेश्री नावाची कासवाची मादी पार श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. ओडिशात 2021 मध्ये बिल्ला लावलेली मादी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालून गेली. असं कौतुक आपल्या पुळणीलाही मिळू शकतं. चाकोऱ्या बघायला मात्र कुणी मुंबईहून दोनशे किलोमीटर येणार नाही, त्या तिकडे रस्त्यावरही आहेत.

आता पैशाचं.

सिमेंट वापरायचं नाही, किनाऱ्यावर ते चालणारही नाही. सुरूच्या बल्ल्या रोवायच्या, दोन बल्ल्यांत चार फूट अंतर, आणि जमिनीपासून दोन फुटांवर काथ्याचा जाड दोर. चार फुटांतून जीप जात नाही, दोराखालून मोटारसायकल जात नाही. कासवाची मादी दोन-सव्वादोन फुटांची, उंचीला फूटभर, ती दोराखालून बिनधास्त जाईल. माणूस दोर ओलांडेल, आणि आजी-आजोबांसाठी प्रत्येक फटीत एक जागा दोराशिवाय, आडव्या-उभ्या बल्ल्यांची ठेवली आहे. तिन्ही फटी मिळून 150 बल्ल्या लागतील, रोवणावळीसह 90,000 रुपये. दोराचे 20,000. पाच फलक, मराठीत आणि हिंदीत, 15,000. देवळामागची मोकळी जागा सपाट करून तिथे गाड्या लावायची सोय आणि दोन शौचालयांची दुरुस्ती, 60,000. सगळ्यात मोठा खर्च माणसांचा : डिसेंबर ते मे रात्रपाळीला दोन जण, प्रत्येकी महिना 9,000, म्हणजे सहा महिन्यांचे 1,08,000. बेरीज 2,93,000. वाड्यांनी मिळून आतापर्यंत 61,500 जमवले आहेत. राहिले 2,31,500.

रात्रपाळीवर एवढे पैसे कशाला, दोर आहे ना, असं एका मंडळाने कळवलं आहे. दोर कापायला कोयता पुरतो, हे आपल्याला एकमेकांना सांगायला नको. आणि राखणदार आपल्याच वाडीतले असतील, पावसाळ्यानंतर ज्यांना काम नसतं ते.

ग्रामपंचायत आणि वनखात्याकडे लेखी अर्ज दिला आहे. परवानगी हातात येईपर्यंत एकही बल्ली रोवली जाणार नाही, आणि पुरेसे पैसे जमले नाहीत तर आधी मधली फट घेऊ, कारण ती सगळ्यात वाईट आहे. मर्यादावेलीची छाटं लावायचं काम मात्र बिनखर्चाचं आहे. धड भागातून हातभर लांबीची छाटं घ्यायची आणि पावसाच्या तोंडावर फटींमध्ये पुरायची. जूनमध्ये शाळेची मुलं ते करतील, गुरुजींनी होकार दिला आहे.

देणगी रोख द्यायची तर पावतीपुस्तक देवळात पुजाऱ्यांकडे आहे. मुंबई-पुण्याच्या मंडळींनी आपापल्या मंडळाच्या खजिनदाराकडे द्यावी, ते एकत्र पाठवतील. पावती घेतल्याशिवाय कुणाच्याही हातात पैसे देऊ नयेत, माझ्यासुद्धा. हिशेब दर महिन्याच्या अखेरीस सभामंडपातल्या फळ्यावर लागेल. एका बल्लीचे 600 रुपये होतात. कुणाला आई-वडिलांच्या नावाने बल्ली द्यायची असेल तर जरूर द्यावी, पण बल्लीवर नाव रंगवून मिळणार नाही, पाच जणांनी आधीच विचारलं आहे.

पैसे शक्य नसतील तर हात द्या. परवानगी वेळेत मिळाली तर दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता श्रमदान आहे. पहार, घमेलं, कोयता ज्याच्याकडे जे असेल ते आणावं. चहा-पोह्यांची सोय महिला मंडळाने घेतली आहे. गाड्या देवळामागे लावून सुरुबनातून चालत यावं.

आपले,
किनारा समितीचे सर्व सभासद