घोडीला तेल चोपडू नका, आधी ती कोरडी करा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

पावसाळा आला की पेपरात गाई-म्हशींची काळजी कशी घ्यायची ते छापून येतं, चांगलंच आहे, पण घोड्याचं कोण बोलत नाही म्हणून हे पत्र. मी खानापूर तालुक्यातला, वरातीला घोडी देतो. आमच्याकडं पाऊस कसला पडतो ते बेळगावात बसून पण माहीत असणार तुम्हाला, आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, आणि नेमकी त्याच वेळी लग्नं बंद, म्हणजे घोडी पागेत बांधलेली आणि खिशात दमडी नाही.

गेल्या पावसाळ्यात घोडीच्या पाठीवर नि पुठ्ठ्यावर बारीक खपल्या आल्या, केस झुपक्यानं उभे राहिले, हात लावला की खपलीसकट झुपका हातात. शेजारचे काका म्हणाले खुरकूत असणार. आता खुरकूत ही दुभंगलेल्या खुराच्या जनावराला होते, गाय, म्हैस, शेळी, डुक्कर, घोड्याची टाप अखंड, त्याला ती होतच नाही, पण मला तरी तेव्हा कुठं ठाऊक होतं. दुसऱ्यानं सांगितलं करंजेल लाव, मग काय, चार दिवस दाबून चोपडलं, वर ताडपत्री टाकली, आणि खपल्या कोरड्याच ओढून काढल्या. घोडी लाथा झाडायला लागली, रक्त आलं, रोग मात्र मानेपर्यंत गेला.

डॉक्टर बघून म्हणाले, याचा जंतू डर्माटोफिलस, कातडी बरेच दिवस भिजून मऊ पडली की आत शिरतो, आणि हवा न लागणारी जागा त्याला आवडते, तू तेल लावून वर झाकण घातलंस. तेव्हा खपल्या आधी कोमट पाण्यानं भिजवायच्या, मऊ झाल्या की जेवढ्या अलगद सुटतील तेवढ्याच काढायच्या. मग क्लोरहेक्झिडीनच्या शाम्पूनं धुवायचं, फेस दहा मिनिटं तसाच ठेवायचा, नंतर धुऊन फडक्यानं पार कोरडं करायचं. हे कोरडं करणंच लोक विसरतात बघा. निघालेल्या खपल्या जाळून टाका, त्यात जंतू कित्येक महिने जगतो, आणि खरारा एका घोड्याचा दुसऱ्याला लावू नका. हातात ग्लोव्हज घाला, माणसाला पण क्वचित होतं. ताप असेल किंवा लई पसरलं असेल तर पेनिसिलीन लागतं, ते डॉक्टरच देतील, मेडिकलमधून आणून स्वतः टोचू नका. गोल गोल चट्टे असतील तर ते गजकर्ण असू शकतं, त्याचं औषध वेगळं.

हाच त्रास टाचेच्या वरच्या खोबणीत होतो तेव्हा भेगा पडतात, पाय सुजतो. पांढऱ्या पायाच्या घोड्याला जास्त, कारण खालची कातडी गुलाबी नि नाजूक. म्हणजे बघा गंमत, पंचकल्याणी, म्हणजे चारी पाय नि तोंड पांढरं असलेल्या घोडीला वरातीत भाव जास्त आणि पावसाळ्यात दुखणं पण तिलाच. चिखलातून आल्या आल्या पाइपानं फसाफसा पाय धुऊन ओलेच सोडले तर उलट वाढतं, चिखल वाळू द्या आणि ब्रशनं झाडा, धुतलंच तर पुसा.

टापेचं तर विचारू नका. रोज चारी पाय उचलून आकड्यानं तळवा साफ करा. मधला त्रिकोणी मऊ भाग असतो त्याच्या फटीत काळं, घाण वास मारणारं काही निघालं तर टाप सडायला लागली समजा. कारण एकच, लघवीनं भिजलेलं पिंजर, म्हणजे खाली अंथरलेला पेंढा, आणि एकाच जागी उभी घोडी. पिंजर रोज बदला, उघडीप मिळाली की थोडं फिरवा, चालण्यानं टापेत रक्त खेळतं. अंकलीच्या शितोळे सरकारांकडचे माउलींचे अश्व ऐन पावसाळ्यात वारीला चालत जातात, आणि आमची घोडी छपराखाली उभी राहून सडते. औषध म्हणून फट साफ करून पाणी घालून पातळ केलेलं बेटाडीन चालतं. मोरचूद जपून वापरा, नुसता भरला तर चांगला भाग पण जळतो. गाडीचं जळकं ऑइल लावणारे अजून भेटतात, त्यांच्यापुढं मी हात टेकलेत.

आणि घोडी काल बरी होती नि आज पायच टेकत नाही, टाप गरम लागतेय, असं झालं तर बहुतेक आत पू असतो. ते डॉक्टरकडून नाहीतर जाणत्या नालबंदाकडूनच फोडून घ्या, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते विचारा, घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो आणि झाला की वाचणं अवघड.

माझी घोडी तीन आठवड्यांनी सुधारली, केस परत यायला दिवाळी उजाडली. जाता जाता एक मागणी, लसीकरणाचा कॅम्प गावात येतो तेव्हा एक नालबंद पण सोबत आणा, आमच्या भागात आता नालबंद शोधावा लागतो, आणि पत्रकं कन्नडबरोबर मराठीत पण द्या, घोडी सांभाळणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या मोतद्दाराला वाचता यायला पाहिजेत.

आपला,
एक घोडीवाला, खानापूर तालुका