रुपयांचा रकाना काढून टाक

नौपाडा, ठाणे
चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला पहिल्या महिन्याचा हिशेब मिळाला. आईला कागदावर हवा होता, म्हणून गोखले रोडवरून छापून आणला. भाडं, विमा, फोन, पुस्तकं, सगळं जागच्या जागी आहे. नंदूकाकालाही दाखवला. इतका स्वच्छ हिशेब त्याच्या ऑफिसात कोणी लिहीत नाही म्हणाला. बरं वाटलं ऐकून.

पण किराण्याच्या रकान्यात एकोणीस तारखेनंतर काहीच नाही. आणि तेवीस तारखेला घरी दोनशे डॉलर पाठवलेस. मुक्ता, मधले दिवस तू काय खाल्लंस?

विचारायचं नाही असं ठरवलं होतं. एवढ्या लांबच्या पोरीला जाब विचारू नका, असं आई म्हणाली. म्हणून कामाचं लिहितो.

तुझ्या होनोलुलूत भाव एवढे चढे का, ते आधी समजून घे. हवाईतलं ८५ ते ९० टक्के अन्न बाहेरून येतं, बहुतेक बोटीने. कॅलिफोर्नियाचा किनाराच तिथून जवळजवळ ३,८०० किलोमीटर. त्यात १९२० चा जोन्स कायदा आहे. अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर बोट अमेरिकेत बांधलेली, अमेरिकी मालकीची आणि बहुतांश अमेरिकी खलाशांचीच लागते. त्याने बोटीचं भाडं वाढतं. वर कर. आपल्याकडे सुटे तांदूळ, भाजी, दूध यांवर जीएसटी नाही. तुमच्या ओआहू बेटावर मात्र तांदळाच्या पिशवीवरही बिलात ४.७१२ टक्के चढतात. पाटीवरच्या किमतीवर बजेट बांधलंस तर महिनाअखेरीस कमीच पडणार. तसंच झालं का गं?

माझं म्हणणं असं, की टिकणारं सगळं महिन्याच्या सुरुवातीला एकदम भरावं आणि नासणारं आठवड्याला, तिथेच पिकलेलं घ्यावं. भात तिथे घरोघरी खातात, त्यामुळे मोठी पिशवी परवडते. तो कालरोज तांदूळ चिकट होतो म्हणून तू नाक मुरडलंस, पण मऊ खिचडीला आणि दहीभाताला तोच चांगला. मूग, मसूर तिथेच घे. इथून तांदूळ आणि हरभरे सामानातून न्यायला अमेरिकेत बंदी आहे, त्यामुळे मामी काहीही म्हणो, कोणाच्या बॅगेत काही कोंबून पाठवणार नाही. पाऊंड म्हणजे ४५४ ग्रॅम, त्याचे १६ औंस. पाकिटाची किंमत बघू नकोस, औंसाचा भाव बघ. तुमच्या मानोआ भागात पाऊस फार, तेव्हा डाळी आणल्या की आधी थोडे दिवस फ्रीजरमध्ये ठेव आणि मग घट्ट झाकणाच्या बरणीत भर, पोरकिडे होणार नाहीत. जून ते नोव्हेंबर तिकडे वादळांचा मोसम. १४ दिवसांचं अन्नपाणी घरात ठेवा असं तिथलं आपत्कालीन खातंच सांगतं. म्हणजे भरलेली बरणी वाया जात नाही, तिला खर्च समजू नकोस.

भाजीला चायनाटाऊनच्या बाजारात जा. कपिओलानी कॉलेजातल्या शनिवारच्या बाजारात पर्यटकांची गर्दी असते, तिथे एकदा हिंडून ये, पण आठवड्याची भाजी चायनाटाऊनमधूनच आण. तिथे आपल्या ओळखीचं पुष्कळ मिळेल. ते ज्याला कालो म्हणतात तो आपला अळूच, त्याची पानं लुआऊ म्हणून विकतात. नीट शिजव आणि चिंच विसरू नकोस, नाहीतर घसा खाजेल. उलू म्हणजे नीरफणस, आजी काप करायची तो. फिलिपिनो लोक शेवग्याचा पाला खातात, तो त्यांच्याकडे मलुंगाय म्हणून माग. पपई आहे, कारली आहेत. उन्हाळ्यात पिरी नावाचा आंबा दिसला तर घे. तो आपला पायरी, १८९९ साली तिथे नेलेला. दूध महागच राहणार, तेव्हा चहापुरतं ठेवून बाकीच्याचं दही लाव.

आणि हिशेबात डॉलरशेजारी तू रुपयांचा रकाना केला आहेस, तो काढून टाक. दुधापुढचा रुपयांतला आकडा वाचून मीच दचकलो. दुकानात उभं राहून प्रत्येक वस्तू रुपयांनी गुणलीस तर हात मागेच येणार. तुझी फेलोशिप डॉलरमध्ये आहे, भूकही तिथलीच आहे. फेलोशिप आली की भाड्यानंतर पहिले पैसे खाण्याचे बाजूला काढायचे, आणि त्यांना हात लावायचा नाही, कर्जाच्या हप्त्यासाठीही नाही. शिलकीतून खाणं नको, खाऊन शिल्लक पडली तर पडू दे.

हे व्याख्यान झालं, कळतंय मला. रागावू नकोस. तू समुद्राचा अभ्यास करायला गेली आहेस आणि तुझा बाप तुला औंस शिकवतोय. पण रविवारी फोनवर तू म्हणालीस ना, "मी मघाशीच जेवले, बाबा," तो आवाज माझ्या ओळखीचा आहे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होतो. लालबागची खोली तू पाहिली नाहीस. तुझे आजोबा, अण्णा, संपाचे पुढारी डॉ. सामंत यांच्या सभांना जायचे, दोन-तीन महिन्यांत मिटेल म्हणायचे. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, हे तुला माहीत आहे. वाण्याने उधारी थांबवली. मग पितळेची भांडी गेली, आधी मोठा हंडा. आम्हा तिघांना वाढताना आजी म्हणायची, "मी मघाशीच जेवले." अगदी सहज म्हणायची, पदराला हात पुसत. आम्हाला खरं वाटायचं. नंदू लहान होता, त्याने एकदा विचारलं, आई कधी जेवते? तेव्हा अण्णा उठून गॅलरीत गेले. गावाहून तांदळाची गोण आली ती अण्णांना घ्यायची नव्हती, आजीने घेतली. पण तोवर तिच्या अंगातलं गेलं ते गेलंच. तिला चक्कर यायची, हात धरून कोपिनेश्वराच्या देवळापर्यंत न्यावं लागायचं, ते तू पाहिलं आहेस. म्हातारपणामुळे असं आम्ही तुला सांगायचो.

तिच्या नातीने तेच वाक्य मला ऐकवावं हे सहन होत नाही.

तुमच्या विद्यापीठात गरजू विद्यार्थ्यांसाठी धान्य मिळण्याची सोय आहे असं वाचलं. महिना ओढाताणीचा गेला तर तिथे जा. त्यात कमीपणा नाही, आजीने गोण घेतली तेव्हाही नव्हता. अण्णांचा ताठा तुझ्यात आहे. मला तो आवडतो, आणि त्याचीच भीती वाटते.

कर्जाचा हप्ता माझ्या पगारातून जातो आणि जात राहील. दादाही हातभार लावतो आहे, त्याने तुला सांगितलं नसेल. तुझे दोनशे डॉलर मी हप्त्यात भरलेले नाहीत, खात्यात तुझ्या नावाने ठेवलेत. पुन्हा पाठवू नकोस. मला आनंद झाला नाही असं नाही, पासबुकात तुझं नाव बघून आई देवापुढे उभी राहिली होती. तरी पाठवू नकोस.

या रविवारी सकाळी साडेनऊला फोन करतो, तेव्हा तुझ्याकडे शनिवार संध्याकाळचे सहा. स्वयंपाक करत असशील तर फोन ओट्यावर ठेव, बोलली नाहीस तरी चालेल. मला फक्त कुकरच्या शिट्ट्या ऐकायच्या आहेत.

तुझा,
बाबा

ता. क. हिशेबात तुपाची नोंद कुठेच नाही. आईने दिलेली बरणी संपली का?