आधी हात बघा, मग अक्षर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत मुलांच्या बिघडलेल्या हस्ताक्षरावर आलेला लेख वाचला. त्यात उपाय एकच सांगितला होता: रोज एक पान जास्त शुद्धलेखन. हा उपाय आम्ही आमच्या मुलावर आठ महिने केला. तो करायला नको होता असं आज मनापासून वाटतं, म्हणून हे पत्र.

मुलगा तेव्हा साडेपाच वर्षांचा होता. वहीत शेरे यायचे, 'अक्षर सुधारा', 'वेळेत पूर्ण करत नाही'. घरी चार ओळींना पाऊण तास लागायचा. दुसऱ्या ओळीला तो हात झटकायचा, तिसऱ्या ओळीला डोकं टेबलावर टेकायचा आणि चौथ्या ओळीपर्यंत पेन्सिलीचं टोक मोडलेलं असायचं. ते तो मुद्दाम मोडतो असं आम्ही धरून चाललो होतो. पेन्सिल इतकी आवळून धरायचा की नखं पांढरी पडायची. ज्याची पकड इतकी घट्ट, त्याचे हात कमजोर कसे असतील? आमचं चुकलं ते इथेच. बोटांच्या लहान स्नायूंत पुरेशी ताकद नसेल, खांदा आणि मनगट स्थिर राहत नसेल, तर मूल पेन्सिल आवळतं आणि कागदावर दाबतं. त्याशिवाय ती त्याच्या ताब्यात राहतच नाही. काही मुलं याच्या उलट, दिसणार नाही इतकं पुसट लिहितात. पुष्कळदा मूळ कारण तेच असतं.

शेवटी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे गेलो. मुलांना रोजची कामं स्वतःच्या हातांनी करता यावीत यासाठी हे तज्ज्ञ मदत करतात. बाईंनी वही उघडलीच नाही. शर्टाची बटणं स्वतः लावतो का? बाटलीचं झाकण फिरवून उघडतो का? कात्री चालवतो का? दांडीला लटकतो का? आणि लिहिताना त्याचा दुसरा हात कुठे असतो? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला देता आलं नाही. घरी येऊन पाहिलं तर डावा हात मांडीवर पडलेला आणि वही उजव्या हातामागे सरकत चाललेली. आठ महिने रोज शेजारी बसून आम्ही फक्त अक्षरं बघत होतो.

त्यानंतर हाताविषयी जे समजलं ते प्रत्येक पालकाला माहीत असायला हवं. मनगटासकट एका हातात २७ हाडं असतात. त्यांतली मनगटाची आठ जन्माच्या वेळी कूर्चेचीच असतात. त्यांतलं पहिलं जन्मानंतर काही महिन्यांत हाड बनू लागतं आणि शेवटचं नवव्या ते बाराव्या वर्षाच्या सुमारास. म्हणून मुलाने तोवर लिहू नये असं नाही, पण आपण ज्या हाताकडून पानंच्या पानं मागतो तो अजून घडतो आहे. मूठ आवळण्याची मोठी ताकद कोपराखालच्या स्नायूंतून येते. अक्षराचं बारीक वळण काढायचं तर तळहातातल्या इवल्याशा स्नायूंना काम करावं लागतं. शिवाय हातात कामाची वाटणी असते. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट लिहितात, अनामिका आणि करंगळी तळहाताकडे वळून त्यांना आधार देतात. ही वाटणी आमच्या मुलाला जमतच नव्हती. पाचही बोटं एकाच वेळी पेन्सिलीवर. बाईंनी कागदाची एक छोटी गोळी त्याच्या शेवटच्या दोन बोटांखाली ठेवली आणि ती न सोडता रेघा मारायला सांगितल्या. त्या दिवशी मी त्याची तीन बोटं पहिल्यांदा सुटी हलताना पाहिली.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानीमनी नव्हती. लिहिणं बोटांपासून नाही, खांद्यापासून सुरू होतं. खांदा आणि पाठ डळमळीत असेल तर बोटांना टेकायला काही उरत नाही. म्हणून सुरुवातीचे कित्येक दिवस त्याच्या हाती पेन्सिल नव्हतीच. रांगणं, पाय आम्ही उचलून धरायचे आणि त्याने हातांवर चालायचं, दांडीला लटकणं, जमिनीवर पालथं पडून कोपरांवर भार देत चित्रं रंगवणं. बघणाऱ्याला हा नुसता खेळ वाटेल.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो भिंतीवर लावलेल्या कागदाचा. डोळ्यांच्या उंचीला मोठा कागद चिकटवायचा आणि उभं राहून त्यावर काढायचं, इतकंच. उभ्या पृष्ठभागावर काढताना मनगट आपोआप थोडं मागे वळतं आणि मनगट तसं वळलं की अंगठा मोकळा होऊन इतर बोटांसमोर येतो. खांद्यालाही काम पडतं. टेबलावर 'मनगट नीट ठेव' असं शंभरदा सांगून जे होत नव्हतं ते भिंतीपाशी न सांगता झालं. रंगीत खडूंचे आम्ही मुद्दाम बोटाच्या पेराएवढे तुकडे केले. इतका लहान तुकडा मुठीत धरता येत नाही, तो चिमटीतच धरावा लागतो.

बाकी घरात होतं तेच वापरलं. कपड्यांचे चिमटे दाबून पुठ्ठ्याच्या कडेला लावणं, कागदाच्या बारीक पट्ट्या फाडणं, ओला स्पंज पिळणं, नट-बोल्ट फिरवणं, ड्रॉपरने पाण्याचे थेंब टाकणं, मणी ओवणं, चिकणमातीच्या छोट्या गोळ्या तीन बोटांनी वळणं. मऊ चेंडू दाबण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. माझं मत विचाराल तर त्यावर फार विसंबू नये. चेंडूने मूठ बळकट होते, लिहायला लागते ती चिमूट. आणि वेळ दहा मिनिटांहून जास्त नको. उत्साहाच्या भरात आम्ही एकदा अर्धा तास ताणला, तर दुसऱ्या दिवशी तो चिमट्यांचा डबा बघूनच पळाला.

बसण्याचंही सांगतो. मोठ्यांच्या खुर्चीत त्याचे पाय लोंबकळत असत. पायांखाली पाट ठेवला, टेबलाची उंची कोपराच्या जवळपास आणली आणि त्याच संध्याकाळी डोकं टेकणं कमी झालं. महिनाभराच्या व्यायामाआधी हे एका मिनिटात करता येतं.

पण नुसत्या ताकदीने अक्षर येत नाही, हेही लिहायला हवं. अक्षरसुधारणेच्या उपायांवर झालेल्या अभ्यासांचा २०११ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. प्रत्यक्ष लिहिण्याचा सराव नसलेले किंवा वीसपेक्षा कमी सत्रांचे उपाय त्यात निष्प्रभ ठरले होते. म्हणजे लिहायचं आहेच, पण थोडं, नियमित आणि हात थकण्याआधी थांबून. आम्ही पानाऐवजी तीन ओळींवर आलो. पकडीबाबतही हट्ट सोडला. तीन बोटांची पकड उत्तम खरी, पण पेन्सिलीवर चार बोटं ठेवणारी मुलंही तितक्याच वेगाने आणि तितकंच सुवाच्य लिहू शकतात. हात दुखत नसेल आणि बोटं हलत असतील तर ती पकड मोडू नये.

शाळांबद्दल माझी तक्रार आहे. साधारण तिसऱ्या वर्षी मूल बघून गोल काढू लागतं, अधिकचं चिन्ह चौथ्या वर्षाच्या आसपास, चौकोन साडेचारच्या सुमारास आणि त्रिकोण पाचनंतर. तिरकी रेघ सगळ्यात उशिरा जमते. असं असताना तीन वर्षांच्या मुलांना वहीच्या चौकटीत अक्षरं गिरवायला लावणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं. त्यांच्या साधनांमधले लाकडी दट्टे वरच्या गुंडीला तीन बोटांनी धरूनच उचलावे लागतात. पेन्सिल हाती येण्याआधी तीच बोटं तयार होत जातात. शंभर वर्षांपूर्वी कळलेली ही गोष्ट आपल्या वर्गांत कधी येणार?

सगळंच घरी सुटत नाही. लिहिताना हात दुखत असेल, बोटांचे सांधे मागे फार वळत असतील, मूल वारंवार अडखळून पडत असेल, पूर्वी येणारी गोष्ट येईनाशी झाली असेल, तर डॉक्टरांना दाखवावं. पहिल्या वाढदिवसाआधीच बाळ एकच हात वापरत असेल आणि दुसरा वापरतच नसेल, तर मुळीच थांबू नये. शाळकरी मुलांपैकी शंभरात पाच-सहा मुलांना हालचालींचा मेळ घालण्याची जन्मजात अडचण असते. ही मुलं आळशी नसतात.

आमचा मुलगा आता सात वर्षांचा आहे. अक्षर सुंदर नाही, पण वाचता येतं, आणि लिहून झाल्यावर तो रडत नाही. शिक्षकांना माझी एकच विनंती आहे. 'अक्षर सुधारा' हा शेरा लिहिण्यापूर्वी एकदा त्या मुलाच्या बाकाशी जा, त्याचे पाय जमिनीला टेकले आहेत का पाहा आणि त्याचा दुसरा हात कुठे आहे तेही पाहा.

आपला,
एक पालक