गुणोत्तर पाठ करून पेशी कळत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परीक्षा जवळ आल्या की आमच्या भागातली नववी-अकरावीची मुलं जीवशास्त्रातल्या शंका घेऊन माझ्याकडे येतात. पेशी वाढतच का राहत नाही, का विभागते, या प्रश्नावर सगळ्यांचं उत्तर एकच: ‘पृष्ठफळ आणि घनफळ यांचं गुणोत्तर कमी होतं म्हणून.’ पण गुणोत्तर कमी झाल्याने पेशीचं अडतं काय, असं विचारलं की मुलं एकमेकांकडे बघतात. इतका सुंदर विषय दोन गुणांसाठी उरकला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

पेशीला लागणारा प्राणवायू आणि अन्न तिच्या पटलातूनच आत येतं, नको ते त्याच वाटेने बाहेर जातं. बाजू दुप्पट झाली की पटल चौपट होतं, पण पोसायचा ऐवज आठपट. शिवाय आत आलेले रेणू विसरणाने, म्हणजे दाटीकडून विरळाकडे आपोआप पसरत, पुढे सरकतात, आणि अंतर दहापट झालं तर त्यांना वेळ शंभरपट लागतो. आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशी साधारण १० ते २० मायक्रोमीटरच्या असतात, तिथे हे काम क्षणात होतं. हत्तीच्या पेशीही उंदराच्या पेशींएवढ्याच. हत्तीकडे त्या जास्त आहेत, इतकंच.

हे मुलांना डोळ्यांनी दाखवता येतं. इथल्या सियागंज बाजारात किंवा कोपऱ्यावरच्या किराण्यात जेली जमवायचं चायना ग्रास मिळतं. १० ग्रॅम चायना ग्रास अर्धा लिटर पाण्यात विरघळेपर्यंत उकळायचं, चमचाभर हळद घालायची, थाळीत ओतून थापायचं नाही, खोल डब्यात गार होऊ द्यायचं. मग १, २ आणि ३ सेंटिमीटर बाजूचे ठोकळे कापून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचे. पिवळा रंग कडेकडून लाल होत आत सरकतो. लाली अर्धा सेंटिमीटर आत पोचली की लहान ठोकळा पूर्ण लाल झालेला असतो; तिसरा कापून बघा, त्याच्या २७ घन सेंटिमीटरपैकी मधले ८ अजून पिवळेच. एवढं पाहिल्यावर गुणोत्तर पाठ करावं लागत नाही.

पण तेवढ्याने उत्तर पुरं होत नाही. पेशी फुगत गेली तरी तिच्यातला डीएनए आपोआप वाढत नाही. २०१९ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या अँजेलिका आमोन यांच्या प्रयोगशाळेने यीस्टच्या पेशींना विभागू न देता नुसतं वाढू दिलं. एवढ्या मोठ्या पेशीला पुरतील इतका आरएनए (जनुकांची नक्कल, जिच्यावरून प्रथिनं बनतात) आणि प्रथिनं त्या मोजक्या जनुकांकडून तयार होईनात, पेशीद्रव पातळ पडलं आणि पेशीची कामं बिघडली.

आणि ‘गुणोत्तर घटलं की पेशी विभागते’ असं शिकवणं तर मला मुळीच पटत नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ सर पॉल नर्स यांना यीस्टमध्ये असा बदललेला प्रकार सापडला, की ज्याच्या पेशी लहान असतानाच विभागत. पटलाची काही टंचाई नसताना! विभागणीची वेळ ठरवतात ती प्रथिनं, हे त्यातून उलगडत गेलं. पेशीचक्रावरच्या, म्हणजे पेशीच्या वाढीपासून विभागणीपर्यंतच्या फेऱ्यावरच्या, कामासाठी नर्स, लेलँड हार्टवेल आणि टिम हंट यांना २००१चं नोबेल मिळालं. गुणोत्तर ही मर्यादा आहे. विभागणीचा हुकूम वेगळीकडून सुटतो.

अपवादही शिकवायला हवेत. कॅरिबियन बेटांपैकी ग्वादेलूपच्या खारफुटीत सापडलेला थायोमार्गरिटा मॅग्निफिका हा जिवाणू २०२२ मध्ये जगापुढे आला. एकच पेशी, लांबी सुमारे एक सेंटिमीटर, नुसत्या डोळ्यांना दिसणारी. मात्र तिच्या मध्यभागी द्रवाने भरलेली मोठी पोकळी आहे, जिवंत भाग कडेला पातळ थरात, आणि डीएनएच्या हजारो प्रती जागोजागी ठेवलेल्या. दोन्ही अडचणींवर तिने तोड काढली आहे.

आपल्या मुलांच्या पानावर हा हळदीचा प्रयोग आकृतीसह छापावा, ही विनंती. सोड्याचं पाणी हाताला चरचरतं, तेव्हा हातमोजे घालायची सूचना ठळक द्यावी.

आपली,
जीवशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका,
रामबाग, इंदूर