जुना ऑर्गन कबाडीला देण्याआधी त्याचे टोन कम्प्युटरवर घ्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की तुमच्या पेपरात झाडीपट्टीच्या नाटकांवर भरभरून येते, कोणत्या गावच्या मंडईला (दिवाळीनंतरच्या जत्रेला) कोणतं नाटक, वडशात बुकिंग कसं सुरू आहे, हिरो-हिरोइन कोण, सगळं आम्ही वाचतो आणि आवडीनं वाचतो. पण स्टेजच्या बाजूला बसून रात्रभर ऑर्गन, म्हणजे सिंथेसायझर की-बोर्ड, वाजवणाऱ्याच्या पुढ्यात कोणती मशीन आहे आणि तिचं काय होऊन राहिलं यावर एक ओळ कधी आली नाही, म्हणून हे पत्र. थोडं लांब होईल, पण कापू नका ही विनंती.

आमच्या ब्रह्मपुरी, नागभीड, वडसा, अर्जुनी या पट्ट्यात जुने डिजिटल सिंथेसायझर अजूनही घराघरात सापडतात. मुंबई-नागपूरच्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी नवं घेतलं की त्यांचं जुनं सेकंडहँड आपल्याकडे यायचं, यामाहाचा डीएक्स-७, कोणाकडे डीएक्स-२१, कोणाकडे रोलँडचा डी-५०, कोणाकडे कॉर्ग एम-१. आता हेच बाजे कबाडीवाल्याच्या गाडीवर दिसून राहिले, किलोच्या भावानं. काऊन दिला म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं, टोन उडाले भाऊ, आता काय कामाचा. मला हेच सांगायचं आहे की टोन, म्हणजे बाजात भरून ठेवलेले आवाज, उडाले म्हणजे बाजा गेला असं नाही. एक साधा लॅपटॉप, एक मिडी केबल (बाजा आणि कम्प्युटर जोडणारी) आणि फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, एवढ्यावर तो परत वाजते, आणि त्यात आपल्याला पाहिजे तसे आवाज पण बनवता येतात जे कंपनीनं कधी दिलेच नव्हते.

मी डीएक्स-७ बद्दल बोलतो कारण आमच्या मंडळाकडे तोच आहे. हा १९८३ चा बाजा. याच्या आतल्या मेमरीत ३२ टोन राहतात आणि ती मेमरी जिवंत ठेवायला आत ३ व्होल्टचा एक चपटा सेल असते, सीआर-२०३२, कम्प्युटरच्या मदरबोर्डवर असते तोच, फक्त इथं तो सॉकेटमध्ये नाही तर सरळ बोर्डावर सोल्डर केलेला असते. सेल संपला की स्क्रीनवर टोनच्या नावाच्या जागी वेडीवाकडी अक्षरं येतात, वाजवलं तर खरखर नाहीतर काहीच नाही, आणि लोक समजतात आयसी गेली. अरे बाप्पा, आयसी शाबूत आहे, आवाज बनवायची ताकद जशीच्या तशी आहे, फक्त कोणता आवाज कसा बनवायचा ती माहिती पुसली गेली. टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा कोणताही बऱ्या हाताचा पोरगा तो सेल बदलून देते, बदलताना त्याच्याकडून सॉकेटच बसवून घ्यावं म्हणजे पुढच्या वेळी सोल्डरिंगची भानगड नाही. मात्र पिन काढल्याशिवाय झाकण उघडू नये, आत ट्रान्सफॉर्मर आहे आणि त्याला घरची पूर्ण लाईन येते.

आता दुसरी गोष्ट, आणि खरी गोष्ट हीच आहे. सेल चांगला होता तेव्हाही या बाजात आपल्या लोकांनी स्वतःचे टोन फारसे बनवले नाहीत आणि यात त्यांचा दोष नाही. स्क्रीन दोन ओळींची, एका ओळीत १६ अक्षरं, आणि फेरफार करायला एकच सरकपट्टी. एका टोनची माहिती नाव धरून १५५ बाइटची, आणि स्क्रीनवर दिसते एका वेळी एकच आकडा. म्हणजे बाकीचे सगळे आकडे डोक्यात ठेवून एक बदलायचा, मग बटण दाबून दुसऱ्यावर जायचं, तो बदलायचा, मग पहिला किती होता ते आठवायचं. मंडईच्या गर्दीत, जनरेटरच्या आवाजात कोण करणार हे? म्हणून जगभर लोकांनी कंपनीनं भरून दिलेलेच टोन वाजवले, त्यातला ई-पियानो १ तर इतका वाजला की ऐंशीच्या दशकातली इंग्रजी गाणी ऐकली तर कुठं ना कुठं तो सापडतोच.

हा बाजा आवाज कसा बनवते ते थोडं सांगतो, कारण एकदा समजलं की भीती जाते. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये असं दिसलं की एखाद्या सुराला कंप दिला आणि तो कंप खूपच वेगाचा केला तर एका हद्दीनंतर कंप म्हणून तो ऐकूच येत नाही, सुराचा रंगच बदलून जाते. यामाहानं हे तंत्र त्यांच्याकडून घेतलं आणि डीएक्स-७ त्यावरच उभा आहे. यात सहा ऑपरेटर आहेत, प्रत्येक ऑपरेटर म्हणजे एक साधा सरळ सूर. काही ऑपरेटर आपल्या कानापर्यंत येतात त्यांना कॅरिअर म्हणतात, काही स्वतः ऐकू येत नाहीत पण कॅरिअरला मागून हलवतात ते मॉड्युलेटर. कोणी कोणाला हलवायचं याच्या ३२ रचना दिल्या आहेत, धानाच्या वरच्या बांधीतलं पाणी कोणत्या खालच्या बांधीत सोडायचं हे जसं आपण धुरा फोडून ठरवतो तसंच हे, त्याला अल्गोरिदम हे मोठं नाव आहे एवढंच. आणि मजा पुढं आहे. मॉड्युलेटरचा वेग कॅरिअरइतकाच, म्हणजे १ ला १ ठेवला तर आवाज बँडपार्टीच्या पितळी वाद्याकडे जाते, मॉड्युलेटरचा वेग दुप्पट, म्हणजे २ केला तर पोकळ, क्लॅरिनेटसारखा होते, आणि ३.५ असा अपूर्णांक दिला की घंटा, टाळ, झांज या घराण्यातला आवाज सुरू होते. म्हणजे आपल्या भजनात लागते ते सगळं या बाजाच्या पोटात आधीपासून आहे, बाहेर काढणारा पाहिजे.

ते बाहेर काढायला आता दोन ओळींच्या स्क्रीनशी झगडायची गरज राहिली नाही. डेक्सेड नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, फुकट आणि ओपन सोर्स, ते डीएक्स-७ सारखंच वाजते आणि केबल लावली तर खऱ्या बाजाचे टोन बदलायला पण कामात येते. सहाही ऑपरेटर एकाच वेळी समोर दिसतात, प्रत्येकाचा आवाज कसा चढते आणि कसा उतरते त्याची आकृती दिसते, माउसनं बटण फिरवलं की तिकडे बाजात आवाज बदलते. दुसऱ्या कंपन्यांच्या जुन्या बाजांसाठी एडिसिन नावाचं आहे, तेही फुकट, त्यात बऱ्याच मॉडेलचे एडिटर एकत्र आहेत. हे सगळं चालते ते मिडीच्या सिस्टिम एक्सक्लुझिव्ह मेसेजवर, म्हणजे टोनची माहिती नेणाऱ्या, त्या त्या कंपनीच्याच बाजाला कळणाऱ्या मेसेजवर, वाजवणारे त्याला सिसेक्स म्हणतात. प्रत्येक कंपनीला स्वतःचा नंबर दिलेला आहे, रोलँड ४१, कॉर्ग ४२, यामाहा ४३, हे हेक्समधले, म्हणजे सोळाच्या पायाच्या मोजणीतले आकडे, त्यामुळे एकाचा मेसेज दुसऱ्यानं घ्यायचा प्रश्नच येत नाही.

आमच्या मंडळात यावर काय केलं ते सांगतो. नाटकात लग्नाचा सीन नाही असं होतच नाही, आणि तिथं सनई लागते. कंपनीच्या टोनमध्ये ओबो आहे पण तो आपल्या कानाला सनई वाटत नाही, लय सभ्य वाटते. आम्ही तोच घेऊन मॉड्युलेटरची लेव्हल वाढवत गेलो, सूर धरताना सुरुवातीला थोडा खालून वर येईल असं पिचचं एन्व्हलप दिलं, आणि एलएफओला, म्हणजे कंप देणाऱ्या भागाला, डिले दिला म्हणजे सूर लांबवल्यावरच कंप येते, आधी नाही. हा शेवटचा बदल केला तेव्हा आमचा तबलावाला मागून येऊन स्क्रीन पाहायला लागला. रडण्याच्या सीनचा टोन वेगळा, तिथं व्हेलॉसिटीचा, म्हणजे बोटाच्या जोराचा, उपयोग. प्रत्येक ऑपरेटरला ० ते ७ इतकी व्हेलॉसिटी देता येते, ती मॉड्युलेटरला जास्त दिली की हलक्या बोटानं आवाज मऊ राहते आणि जोरानं मारलं की टोकदार होते, म्हणजे आई बोलत असताना मऊ आणि सावकार आला की त्याच टोनवर धार, टोन बदलायला बटणाकडे पाहायची गरज नाही.

आणि खंजिरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी आपल्या विदर्भात कोणाला माहीत नाही, गावोगावच्या भजनात ती आहे. तिच्या झांजांसाठी ऑपरेटरला फिक्स्ड फ्रिक्वेन्सीवर ठेवायचं, म्हणजे कोणतीही पट्टी दाबली तरी झांजेचा सूर हलत नाही, फीडबॅक (ऑपरेटरनं स्वतःलाच हलवणं) वाढवायचा म्हणजे त्यात सळसळ येते, आणि चामड्याच्या थापेसाठी वेगळी जोडी, लवकर चढणारी आणि लवकर मरणारी. खरी खंजिरी ती खरीच, चांगला वाजवणारा बसला असेल तर हा टोन बंद ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे, पण ज्या रात्री तो माणूस आलाच नाही त्या रात्री हा टोन नाटक सांभाळून घेते.

काही जण म्हणतात, परदेशी मशीन, त्यात आपलं काय. त्यांना पेटीची आठवण देतो. हार्मोनियम विलायती म्हणून आकाशवाणीवर १९४० पासून बंद होती, १९७१ मध्ये कुठं तिला परत वाट मिळाली, आणि आज पेटीशिवाय भजनाला बसून दाखवा. वाद्य कुठून आलं यापेक्षा त्यातून आपण काय काढतो हे मी मोठं मानतो.

काही म्हणतात नवाच घ्या, इंडियन टोन भरून मिळतात. मिळतात, आणि ज्याला परवडते त्यानं घ्यावा, माझा विरोध नाही. पण ते पेन ड्राइव्हमधले टोन पैसे देऊन घ्यावे लागतात, सगळ्यांकडे तेच असतात, आणि त्यातला एखादा आवडला नाही तर मुळातून तो कसा बदलायचा हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. धान विकून वर्गणी जमवणाऱ्या मंडळानं घरात चालू होऊ शकणारा बाजा कबाडीत देऊन कर्जानं नवा घ्यावा हे मला पटत नाही. डीएक्स-७ ला मर्यादा आहेत, एका वेळी एकच टोन वाजते, आत इको-रिव्हर्ब काहीच नाही, ते मिक्सरवरून घ्यावं लागते. पण १६ सूर एकत्र वाजतात आणि की-बोर्डचा हात इतका चांगला आहे की आजच्या स्वस्त बाजांना तो नाही.

ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. यूएसबी-मिडीची सगळ्यात स्वस्त केबल घेऊ नका, नोटा ती बरोबर पाठवते पण सिसेक्सचा मोठा मेसेज आला की मध्येच तोडते, ३२ टोनची बँक ४१०४ बाइटची असते, त्यातला एक बाइट गळला तरी चेकसम, म्हणजे पडताळणीची बेरीज, जुळत नाही आणि मग माणूस बाजाला दोष देते. मिडीचा वेग सेकंदाला ३१२५० बिट आहे म्हणजे पूर्ण बँक जायला दीड सेकंद पण लागत नाही. बाजावर फंक्शनमध्ये ८ नंबरच्या बटणात सिस इन्फो अव्हेल करून ठेवावं लागते, नाहीतर तो काही घेतच नाही, आणि पूर्ण बँक घ्यायची असेल तर इंटर्नल मेमरीचं प्रोटेक्ट काढावं लागते. त्याच ८ नंबरवर मिडी ट्रान्समिट विचारते, तिथं यस दाबलं की बाजातले ३२ टोन लॅपटॉपवर येतात, हे काम सगळ्यात आधी करायचं, कारण बाहेरची बँक आत गेली की जुने ३२ एका झटक्यात जातात. एकच टोन पाठवला तर तो तात्पुरत्या जागेत बसते, दुसरा टोन निवडला की गेला, म्हणून आवडला की लगेच स्टोअर करायचा.

आता साहेब, मागणं. एक तर तुमच्या पुरवणीत यावर एखादा लेख यावा, फोटोसकट, म्हणजे घरात बाजा पडला आहे त्या माणसाच्या हाती तो कागद लागेल. दुसरं, आपल्या तालुक्यातल्या आयटीआयनी उन्हाळ्यात, मंडळं मोकळी असतात तेव्हा, दोन दिवस या कामासाठी द्यावेत, पोट्टे सोल्डरिंग शिकूनच राहिले, त्यांच्या हातानं सेल बदलून होतील आणि लॅपटॉप तिथं आहेतच. तिसरं, वडशाच्या नाटक कंपन्यांनी आपापल्या ऑर्गनवाल्यांचे टोन एका जागी जमा करून ठेवावेत, कारण कित्येक जुन्या वाजवणाऱ्यांनी हातानं बनवलेले टोन फक्त त्यांच्याच बाजात आहेत, आणि तो सेल संपला की ते कोणालाच परत मिळणार नाहीत.

आमची सनई आणि खंजिरीची फाइल मी एका पेन ड्राइव्हमध्ये टाकून तुमच्या ब्रह्मपुरीच्या वार्ताहराकडे देऊन ठेवतो, ज्याला पाहिजे त्यानं कॉपी करून घ्यावी, पैसे नाही. डीएक्स-७ नसेल तरी चालते, डेक्सेडमध्ये ती फाइल उघडली की लॅपटॉपवरच वाजते. त्यात फेरफार करून कोणाची सनई आमच्यापेक्षा चांगली झाली तर त्याच पेन ड्राइव्हमध्ये टाकून ठेवावी, आम्हाला ती ऐकायची आहे.

आपला वाचक,
एक ऑर्गनवाला
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर
(नाव छापू नये ही विनंती)